घराजवळची भटकंती आणि वाढत्या वयाची मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य मुंबईतल्या बारा ते बावीस वयाच्या मुलामुलींबरोबर आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी आसपास फिरतो. पालक, शिक्षक आणि खुद्द मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. जिथे एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जवळ म्हणजे नेमकं किती जवळ?

सकाळी डबा घेऊन निघालं आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोचलं, की ते जवळ. मुंबईकरांना ही हद्द लोकलने आखूनच दिली आहे. पश्चिम मार्गावर विरार, थोडं ताणलं तर डहाणू, मध्य मार्गावर कर्जत, खोपोली, कसारा, हार्बरवर पनवेल. एवढ्यात समुद्र, खाडी, जंगल, लेणी, किल्ले, बंदरं सगळं येतं. घरामागची गल्लीही येते. लालबागमध्ये वाढलेल्या कितीतरी मुलांनी शिवडीचा किल्ला पाहिलेला नसतो. त्यांच्यासाठी शिवडी हाही प्रवासच.

२. शाळेची सहल होते, सोसायटीची पिकनिक होते. मग हे वेगळं काय?

सहलीत बस कुठे थांबणार, कधी खायचं, कधी परत फिरायचं हे सर आणि बाई ठरवतात. शिट्टी वाजली की रांगेत यायचं. मजा येते, आणि ती हवीच. पण त्या अख्ख्या दिवसात मुलाला एकही निर्णय घ्यावा लागत नाही.

आम्ही जिला भटकंती म्हणतो, तिच्यात मुलांनी ठरवायचं असतं: कुठे जायचं, कुठली गाडी पकडायची, पैसे कुणाकडे ठेवायचे, उशीर झाला तर काय गाळायचं. मोठ्यांनी सोबत असावं, पण दोन पावलं मागे. आमचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. मूल किती लांब गेलं यापेक्षा त्याने वाटेत किती ठरवलं, यावर त्याची वाढ अवलंबून असते. सगळं आयतं ठरलेल्या मनालीच्या टूरवर सोळा वर्षांच्या मुलाला आठवडाभरात जेवढं ठरवावं लागत नाही, तेवढं तो एका रविवारी वसईला जाऊन येताना ठरवतो. शिवाय घराजवळ चूक झाली तर नुकसान तासाभराचं आणि थोड्या पैशांचं असतं. त्यामुळे इथे मुलांना चुकू देता येतं.

३. मुलांमध्ये खरंच फरक पडतो का, की आपल्यालाच तसं वाटतं?

पडतो. मात्र तो गुणपत्रिकेवर दिसत नाही.

पहिला फरक बोलण्यात दिसतो. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी मुलगी अंबरनाथ स्टेशनबाहेर एखाद्या काकांना "शिवमंदिराला कुठून जायचं?" असं विचारते. उत्तर नीट कळलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी विचारते. दुसरा फरक वेळेच्या अंदाजात. "पंधरा मिनिटांत पोचू" या वाक्याचा खरा अर्थ मुलांना पायांनी कळतो. तिसरा, आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा फरक म्हणजे दुसऱ्याचं भान. कुणाला भूक लागली आहे, कुणाची चप्पल तुटली आहे, कोण मागे पडलं आहे, याकडे लक्ष जायला लागतं. भराभर चालणारा मुलगा आपणहून चाल कमी करतो. हे उपदेशाने होत नाही. खूप जणांनी खूप वर्षं करून पाहिलं आहे.

वाट शोधण्याचा मेंदूशी संबंध असतो का, असंही पालक विचारतात. लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ असलेल्या या चालकांच्या मेंदूतला, जागांची स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला होता. ती माणसं वर्षानुवर्षं रोज हेच काम करणारी होती. म्हणून रविवारच्या फेरीने तसंच होईल असं कुणी सांगू नये. वाट स्वतः शोधणं हे मेंदूला खरंखुरं काम आहे, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

४. सुरुवात कुठून करू? चार ठिकाणं सांगा.

एखाद्या ठिकाणाने पुढच्या ठिकाणाचं कुतूहल जागवलं, की मुलं आपणहून ओढली जातात. म्हणून ठिकाणं सुटी सुटी न देता जोडून देतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो हलवायचा प्रयत्न केला, तेव्हा उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. आधी हा हत्ती बघायचा, सांध्यांच्या खुणा शोधायच्या. मग पुढच्या खेपेला गेटवेवरून लाँचने घारापुरी. हत्ती मूळचा कुठला हे ठाऊक असलेली मुलं बेटावर वेगळ्या डोळ्यांनी उतरतात. सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी बघून ठेवा.

दुसरी साखळी कान्हेरीची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभरहून जास्त लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये दान देणाऱ्यांची नावं आणि गावं कोरलेली आहेत. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे. इंडिकेटरवर रोज दिसणारं कल्याण दीड हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या दगडावर आहे, हे कळल्यावर तिथून रोज कॉलेजला येणाऱ्या मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो. कान्हेरी झाली की नालासोपारा. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उत्खनन करून उजेडात आणला आणि सोपाऱ्यातच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. तिथून वसईचा किल्ला जवळ. चिमाजी आप्पांनी तो १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. तिकडच्या पोर्तुगीज घंटांपैकी एक आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे. कुणाचे नातेवाईक नाशिकला असतील तर साखळी तिथपर्यंत जाते.

अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. छोट्या गटाच्या पहिल्या फेरीला ते उत्तम. स्टेशनपासून फार लांब नाही, आणि बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं नीट बघायची म्हटली तर दोन तास सहज जातात.

५. खर्च किती येतो?

लोकलचं तिकीट, थोडी बस किंवा शेअर रिक्षा, घरचा डबा, परतताना एक वडापाव. घारापुरीला लाँचचे आणि प्रवेशाचे पैसे वेगळे. गटाचे पैसे एकाच मुलाकडे द्या आणि परत आल्यावर हिशेब त्यालाच मांडू द्या. पैसे कमी पडले तर घरून लगेच पाठवू नका. उरलेल्यात कसं भागवायचं हे ती पोरं बरोबर शोधतात.

६. माझ्याकडे डोंबिवली–दादर कॉलेजचा पास आहे. त्यावर फिरता येईल का?

येईल, आणि तू हे विचारलंस याचा फार आनंद झाला. पासाच्या मार्गातल्या कुठल्याही मधल्या स्टेशनवर तू उतरू शकतोस. ज्या स्टेशनांची नावं रोज उद्घोषणेत ऐकतोस, त्यातल्या किती ठिकाणी कधी उतरला आहेस? ठाण्याला उतर, स्टेशनजवळ तलावपाळीला एक चक्कर मार. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी या ठाण्यापर्यंत आली होती. अंतर ३४ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी विक्रोळी, तिसऱ्या दिवशी शीव. शीवला छोटा किल्ला आहे, वर गेलं की पूर्वेकडचा भाग दिसतो.

पासाच्या हद्दीबाहेर मात्र वेगळं तिकीट काढावं लागतं. दुसऱ्या वर्गाच्या पासावर पहिल्या वर्गात किंवा एसी लोकलमध्ये चढू नकोस.

७. एकट्याला कोणत्या वयात सोडावं?

वयाचा एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. आम्ही पायऱ्या सांगतो. आधी मूल पुढे आणि तुम्ही मागे, वाट त्यानेच दाखवायची, चुकलं तरी दोन-तीन वळणं बोलायचं नाही. मग दोन-तीन मित्रांबरोबर, ओळखीच्या मार्गावर, ठरलेल्या वेळी एक फोन. मग एकट्याने, आधी जाऊन आलेल्या ठिकाणी. प्रत्येक पायरीवर काही दिवस राहा. आमच्या अनुभवात मुलांपेक्षा पालकांनाच पुढची पायरी चढायला जास्त वेळ लागतो, आणि त्यात काही गैर नाही.

८. मुलीला पाठवायला जीव धजावत नाही. काय करू?

ही भीती खोटी आहे असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण घरात भाऊ आणि बहीण दोघं असतील, भावाला चौदाव्या वर्षी मोकळीक मिळते आणि बहीण अठराव्या वर्षीही "कुणीतरी सोबत हवं" याच पायरीवर थांबते, तेव्हा एक प्रश्न स्वतःला विचारावा. उद्या नोकरीसाठी तिला रोज दीड तास प्रवास करायचाच आहे. तो सराव तिने कधी करायचा?

व्यवहारातल्या गोष्टी अशा. पहिल्या काही फेऱ्या तीन-चार मैत्रिणींच्या गटात. गाडीत महिलांचा डबा, आणि गर्दीच्या उलट दिशेचा प्रवास. अंधार पडायच्या आत परतीच्या गाडीत. ११२ हा आपत्कालीन आणि १३९ हा रेल्वेचा क्रमांक फोनमध्येही हवा आणि पाठही हवा. कुणी त्रास दिला तर आवाज चढवायचा आणि आजूबाजूच्या बायकांना थेट सांगायचं. महिला डब्यातल्या मावश्या अशा वेळी गप्प बसत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी येऊन तिने काही वाईट अनुभव सांगितला, तर "आता जाणं बंद" हे तुमचं पहिलं वाक्य नसावं. ते वाक्य एकदा ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी काहीच सांगत नाही.

९. फोन न्यायचा का? नकाशा बघायचा का?

फोन न्यावा, पूर्ण चार्ज करून. नकाशा घरी बघावा, कागदावर हाताने काढावा आणि वाटेत आधी माणसांना विचारावं. अगदीच अडलं तर फोन. कागदावर घरच्यांचे दोन नंबरही लिहून ठेवा, कारण बंद पडलेल्या फोनमधला नंबर कुणालाच आठवत नाही.

१०. चुकीच्या गाडीत बसला, हरवला तर?

बसेलच कधीतरी. कल्याणला फाटा फुटतो: एक मार्ग कर्जत-खोपोलीकडे, दुसरा कसाऱ्याकडे. बदलापूरला निघालेलं पोर गप्पांच्या नादात शहाड-आंबिवलीला पोचतं. मुलांना तीनच गोष्टी शिकवून ठेवा. पुढचं स्टेशन येईपर्यंत बसून राहायचं. चालत्या गाडीतून उतरायचं नाही आणि रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावरूनच जायचं. मग घरी फोन.

तो फोन तुम्ही घ्याल तेव्हा आवाज शांत ठेवा. "आता तुला काय करावंसं वाटतं?" एवढंच विचारा. दहापैकी नऊ वेळा उत्तर त्याच्याकडे असतं. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या कुठे आणि कधी बंद आहेत, ते आदल्या दिवशीच बघायला सांगा. अर्धी धांदल तिथेच वाचते.

११. आमची मुलं दर मे महिन्यात कोकणात गावी जातात. ते पुरेसं नाही का?

गावी जाणं फार चांगलं, ते सोडू नका. पण तिथे ती आजीआजोबांकडची लाडकी पाहुणी असतात. आंबे कुणी उतरवायचे, बाजाराला कोण जाणार, हे मोठेच ठरवतात. यंदा एक करून बघा: गावातल्या एका दिवसाची आखणी मुलांकडे सोपवा, तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन यायची. प्रश्न २ मधलं सूत्र तिथेही तसंच लागू होतं.

१२. त्याच त्याच ठिकाणी परत जायला मुलं कंटाळतात. दर वेळी नवीन जागा शोधू का?

शोधू नका. एक तरी जागा अशी असू द्या जिथे मूल वर्षभर जात राहील.

ठाण्याच्या खाडीवर फ्लेमिंगो हिवाळ्यात येऊ लागतात आणि मे संपेपर्यंत बरेचसे निघून जातात. एकदाच गेलेल्याला गुलाबी पक्षी दिसतात. वर्षभर जाणाऱ्याला भरती-ओहोटी, चिखल आणि रिकामी खाडीही दिसते. पक्षी का येतात हा प्रश्न त्या रिकाम्या खाडीवरच पडतो. या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने आत जाता येतं.

याच मुंबईतलं एक उदाहरण आम्ही मुलांना नेहमी सांगतो. खेतवाडीत राहणाऱ्या दहाएक वर्षांच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कुठली, हे घरात कुणालाच सांगता येईना, तेव्हा मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे धाडलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी त्याला दाखवले. तो मुलगा तिथे जातच राहिला. तो म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अली. खेतवाडीपासून ते ऑफिस काही मैलांच्या आतच होतं.

१३. मुलगा खोलीबाहेरच येत नाही. जबरदस्तीने नेऊ का?

नका नेऊ. त्याच्या आवडीच्या वाटेने जा. गाड्यांचं वेड असेल तर नेरळला माथेरानची छोटी गाडी बघायला. फुटबॉल आवडत असेल तर कुठल्या मैदानावर सामना आहे ते त्याला शोधू द्या. पहिली फेरी तासाभराची असली तरी चालेल, आणि "बघ, किती छान वाटलं ना?" असं नंतर विचारू नका.

मात्र तो बरेच आठवडे मित्रांनाही टाळत असेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर तो भटकंतीचा विषय राहत नाही. समुपदेशकाला भेटा. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, तिथेही बोलता येतं.

१४. दहावी-बारावीचं वर्ष आहे. वर्षभर बंद ठेवू?

अर्धा दिवस, महिन्यातून एकदा. परीक्षेच्या आधीचे दोन महिने सोडा.

१५. पावसाळ्यात जायचं का?

जायचं, पण ठिकाण बदलून. धबधबे, धरणांचे सांडवे आणि अनोळखी समुद्रकिनारे मुलांच्या गटासाठी पावसाळ्यात पूर्ण बंद. जिल्हाधिकारी दर वर्षी बऱ्याच धबधब्यांवर मनाई आदेश काढतात. तो मोडून जाणाऱ्या गटात तुमचं मूल असेल तर तिथे ठामपणे नाही म्हणा. निर्णय मुलांचा, हे तत्त्व जिवाच्या धोक्यापाशी थांबतं. समुद्राकाठी जायचं असेल तर भरतीची वेळ आदल्या रात्री मुलांनीच बघायची. खवळलेल्या समुद्रामुळे घारापुरीच्या लाँचही बंद राहू शकतात.

याच दिवसांत कान्हेरी मात्र वेगळी दिसते. खडकात कोरलेल्या पन्हाळींतून पाणी वाहत टाक्यांत पडतं आणि भिक्षूंनी वर्षभराच्या पाण्याची सोय कशी केली होती ते समोर उलगडतं. तुफान पावसाच्या दिवशी तिथेही नको, ओढ्याला लोंढा येतो. संग्रहालयं तर आहेतच.

१६. कोळीवाड्यात किंवा आदिवासी पाड्यावर मुलांना नेणं बरोबर आहे का?

ओळख असेल तर हो. ओळख नसताना लोकांच्या दारात घोळक्याने उभं राहून फोटो काढणं हे त्यांच्या घरात न विचारता शिरण्यासारखंच आहे. मुलांच्या वर्गातलं कुणी वरळी किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यात राहत असेल, तर त्याच्या आईला विचारून तिघा-चौघांनी जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात, जाळी दुरुस्त होतात, माणसांना बोलायला सवड असते. काही विकत घ्या, फोटोआधी विचारा, आणि नंतर काढलेला फोटो नेऊन द्या. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांनाही हाच नियम.

१७. माझी मुलगी व्हीलचेअर वापरते. तिच्यासाठी काही आहे का?

आहे, पण लोकलचा भार तिच्यावर टाकू नका. दिव्यांगांचा वेगळा डबा असला तरी फलाट आणि डब्यातलं अंतर अवघड पडतं. मेट्रोने सुरुवात करा. तिथे लिफ्ट असतात. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते आहे, त्यामुळे दक्षिण मुंबईही आवाक्यात आली. घारापुरी आणि कान्हेरीच्या पायऱ्या टाळा. मरीन ड्राइव्हचा पदपथ संध्याकाळी छान. आणि आखणी तिचीच असू द्या: कुठे लिफ्ट आहे, कुठे उतार आहे, हे फोन करून तिने विचारायचं. कुठल्या इमारतीत उतार नाही याची नोंद ठेवून तिथल्या व्यवस्थापनाला पत्र लिहायलाही तिला सुचवा.

१८. आमच्या गटात काही जण अठराच्या आतले आहेत. किल्ल्यावर रात्री मुक्काम केला तर?

प्रश्न १ मधल्या हद्दीत हे बसत नाही, म्हणून नियमही वेगळे. पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं सूर्यास्तानंतर बंद होतात. राखीव जंगलात परवानगीशिवाय राहता येत नाही. आधी त्या जागेचा नियम वन विभागाकडे किंवा स्थानिक ग्रामपंचायतीकडे विचारा. प्रत्येक अल्पवयीन मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या, गटात वाट माहीत असलेली किमान दोन मोठी माणसं ठेवा, आणि पायथ्याच्या गावात आपली नावं व परतीची वेळ सांगून वर जा. पहिल्यांदाच जात असाल तर स्वतःच्या भरवशावर न जाता जुन्या गिर्यारोहण संस्थेच्या मोहिमेत नाव द्या. मुंबईतली गिरिविहार ही संस्था १९५४ पासून आहे. उन्हाळ्यात मुक्काम असेल तर किल्ल्यावरच्या टाक्यात पाणी आहे का, हे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय चढायला सुरुवात करू नका.